बटाट्याच्या खोलीत ठेवलेली फळं

कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी केली असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "आत थंडी वाजत नसे का हो?" वाजत असे. पण खरा त्रास बाहेर येण्याचा होता. मे महिन्यात सिल्वासाच्या कारखान्यांच्या पत्र्यांवरून ऊन परतून अंगावर यायचं. चार अंशांतून एकदम त्या उन्हात पाऊल टाकलं की कानशिलं ठणकायची आणि चष्म्यावर पाणी धरायचं. माझे गुडघे तेव्हापासून रुसले ते रुसलेच.

दुसरा प्रश्न असा की, "म्हणजे काम काय? फळं ठेवायची नि काढायची?" या प्रश्नाचा मला राग येतो. झाडावरून तोडलं की फळ मेलं असं लोकांना वाटतं. मेलेलं असतं तर माझं काम मालकांच्या ड्रायव्हरलाही जमलं असतं. तोडलेलं फळ जिवंत असतं. ते श्वास घेतं, त्याला घाम येतो, ढीग करून ठेवलं तर ते तापतं. आमचं काम त्याचा श्वास मंद करायचं, बंद करायचं नाही. आणि किती मंद, ते प्रत्येकाचं वेगळं. बटाटा तीन-चार अंशांवर सुखाने झोपतो. सफरचंद त्याहूनही खाली चालतं. चिकू आणि आंबा मात्र बारा-तेराच्या खाली नेले की आतून बिघडतात, आणि बिघडले हे लगेच दिसत नाही. मी मूळचा जळगावकडचा. थंडीच्या एका लाटेने केळीचे घड कसे काळवंडतात, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो आहे.

आमच्या स्टोरेजला चार खोल्या होत्या. मागच्या बाजूला अमोनियाचा कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत असे. मालक वलसाडकडचे गुजराती शेठ. ऐंशीच्या दशकात सिल्वासात कारखान्यांची रांग लागली, तेव्हा त्यांनी हे स्टोरेज काढलं आणि मला सुपरवायझर म्हणून आणलं. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पुण्याचे एक मॅनेजर हापूसची पेटी घेऊन आले आणि दिवाळीला हवी म्हणाले. दादऱ्याचा एक व्यापारी तर टेम्पोतून वडिलांचं प्रेत घेऊन दारात उभा राहिला. भाऊ आखातातून यायचा होता, दोन दिवस ठेवून घ्या म्हणाला. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "बटाटे ठेवता, आणि माझे वडील नाही?" शेजारच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणून दिल्या आणि त्याची बोळवण केली. शेठनी नंतर विचारलं तेव्हा मी सांगितलं, आपल्याकडे फक्त जिवंत माल ठेवतात. हे उत्तर मला फार आवडलं होतं. पुढे वर्षभर मी ते ज्याला त्याला ऐकवत होतो.

आमच्याकडे सगळ्यात जास्त माल चिकूचा. चिकूच्या धंद्यात एक रीत आहे. फळ कच्चं की तयार, ते अंगठ्याच्या नखाने ठरवायचं. सालीवर हलका ओरखडा काढायचा. खाली हिरवं दिसलं तर कच्चं, पिवळसर दिसलं तर तयार. त्यासाठी व्यापारी, दलाल, आम्ही सगळेच उजव्या अंगठ्याचं नख वाढवायचो. त्या नखाचा शब्द शेवटचा. नखाने कच्चं म्हटलं की शेतकरी निमूटपणे करंडी उचलून परत जायचा. त्यावर वाद घालताना मी कुणाला पाहिलं नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. इतकी वर्षं ती मी घरीही सांगितलेली नाही.

सिल्वासाच्या शाळेत सामंत सर म्हणून शिक्षक होते, मालवणकडचे. त्यांनी किलवणीला करारावर जमिनीचा तुकडा घेतला होता. एकदा दक्षिणेच्या सहलीहून येताना त्यांनी अव्होकॅडोच्या कोया आणल्या आणि तिथे लावल्या. बाजारात तेव्हा याला बटर फ्रूट म्हणत, आणि खाणारे मुंबईच्या मोठ्या हॉटेलांखेरीज कुठे नव्हते. सरांनी झाडं लावली म्हणतो, पण ती वाढवली देवजीने. देवजी तिथलाच वारली. सरांनी त्याला राखणीला ठेवलं होतं. बागेतच कूड घालून त्याने झोपडी बांधली होती आणि तो आणि त्याची बायको लखी तिथे राहत. सात-आठ वर्षं त्या दोघांनी ओढ्यावरून पाणी आणून ती झाडं जगवली. सर रविवारी यायचे, झाडांभोवती फिरायचे आणि संध्याकाळी बसने परत जायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला एका पावसाळ्यात झाडं पहिल्यांदा नीट लागली. सरांनी मुंबईचं एक हॉटेल गाठलं. त्यांना माल महिनाअखेरीला हवा होता, एका समारंभासाठी. अजून तीन आठवडे होते. सर सल्ला विचारायला माझ्याकडे आले, सोबत देवजी होता.

मी म्हणालो, "सर, सगळी फळं एकदम तोडून आणा. झाडावर वटवाघळं खाणार. माझ्याकडे सुरक्षित राहतील."

देवजी दाराशी उभा होता. तो म्हणाला, "झाडावरच राहू द्या ना सायेब. हा झाडावर पिकत नाय. काढला का मंग पिकतो. लागंल तवा काढू."

मी हसलो. सरही हसले, पण माझ्याकडे बघून. कोल्ड स्टोरेजच्या सुपरवायझरला झाडावर माल साठवायला सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. पुढे कितीतरी वर्षांनी शेतकी खात्याच्या एका माणसाकडून मला कळलं की देवजीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. हे फळ झाडावर पूर्ण भरलं तरी पिकत नाही. आठवडेच्या आठवडे तसंच लटकून राहतं, आणि तोडल्यावरच पिकायला लागतं. झाड हेच त्याचं सगळ्यात चांगलं कोल्ड स्टोरेज. देवजीने मला माझाच धंदा शिकवला होता आणि मी दात काढले होते.

फळं आली. देवजीने एकेक कानाशी धरून, हलवून, आतली कोय सुटलेली बघून तोडलं होतं. भाताच्या पेंढ्यात नीट बसवून आणली होती. आता ठेवायची कुठे? चिकूच्या खोलीत जागा होती, पण पिकणाऱ्या फळाच्या श्वासातून एक वायू सुटतो, त्याने शेजारचं कच्चं फळही पिकायला लागतं. म्हणून ती खोली मी टाळली. एवढं मला कळत होतं. पुढचं कळायला हवं होतं ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचा कंटाळा केला. चौथी खोली नुसत्या या फळांसाठी बारा अंशांवर चालू करायची तर शेठना विचारावं लागलं असतं. बटाट्याची खोली चालूच होती. मी फळं बटाट्याच्या खोलीत ठेवली.

रोज सकाळी मी आत जाऊन बघायचो. फळं दगडासारखी टणक आणि हिरवीगार. दोन आठवडे झाले तरी एकही नरम पडलं नव्हतं. मला इतका अभिमान वाटला की मी सरांना शाळेतून बोलावून घेतलं आणि दाखवलं. सरांचे डोळे भरून आले. "पाटील, तुम्ही माझ्या आठ वर्षांचं सोनं केलंत," असं ते म्हणाले. देवजीने एक फळ उचललं, दोन्ही तळव्यांत थोडा वेळ धरलं आणि परत जागेवर ठेवलं.

समारंभाच्या चार दिवस आधी हॉटेलचे खरेदी बघणारे गृहस्थ मुक्कामाला आले. माल बाहेर काढून पिकवायचा आणि मग मुंबईला न्यायचा असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी फळं पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी सालीवर काळे डाग उमटले. तिसऱ्या दिवशी साल जवळजवळ काळी पडली, पण फळ रबरासारखं चिवटच राहिलं. गृहस्थांनी एक कापलं. आतला गर राखाडी झाला होता आणि त्यात केसांसारख्या काळ्या शिरा धरल्या होत्या. दुसरं कापलं, तिसरं कापलं. सगळी तशीच.

त्या क्षणी मला सगळं कळलं. जळगावला काळवंडलेले घड मी लहानपणी शेकड्याने पाहिले होते. ही थंडीने मारलेली फळं होती. कोयीवरचं आवरण तपकिरी झालं होतं, म्हणजे फळ पूर्ण भरल्यावरच तोडलं होतं, हेही मी पाहिलं. तोडण्यात काडीचीही चूक नव्हती.

गृहस्थांनी विचारलं, "कच्चा तोडा है क्या?"

शेठ समोर उभे होते. सर होते, देवजी होता, चार हमाल होते. मी एक फळ उचललं आणि अंगठ्याच्या नखाने त्याची साल खरवडली. खाली हिरवं दिसलं. ते मी सगळ्यांना दाखवलं आणि म्हणालो, "हे बघा. हिरवं आहे. कच्चंच तोडलंय."

देवजी म्हणाला, "ह्यो आतून हिरवाच ऱ्हातो सायेब. पिकला तरी सालीखाली हिरवाच."

हेही खरं होतं. अव्होकॅडोच्या सालीखाली गर नेहमीच हिरवा असतो. त्या फळावर चिकूचं नख काहीच सांगत नाही. पण तिथे नखाच्या विरोधात बोलायची रीत नव्हती. शेठनी मान हलवली. हमालांनीही हलवली. सरांनी कापलेलं एक फळ हातात घेऊन पाहिलं. मग देवजीला एवढंच म्हणाले, "देवजी, तुला मी विचारलं होतं रे, तयार आहेत ना म्हणून."

सर तापट नव्हते, आणि तेच वाईट झालं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर देवजीला चार शब्द बोलायला वाव मिळाला असता. आठ दिवसांनी त्यांनी त्याला शांतपणे बाग सोडायला सांगितलं. देवजी आणि लखी झोपडी सोडून अथालला तिच्या भावाकडे गेले. मी मध्ये पडलो नाही. शेठ मला कामावरून काढतील अशी भीती होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. इतकी वर्षं लोक मला विचारून माल ठेवत होते आणि मला ते हवंहवंसं झालं होतं. एका राखणदारापुढे ते घालवायची माझी तयारी नव्हती. याखेरीज दुसरं कारण मला सापडत नाही.

चार-पाच महिन्यांनी देवजी माझ्याकडे काम मागायला आला. मी त्याला लगेच हमालीला घेतलं. त्या दिवशी मी घरी जाताना शीळ घालत गेलो असेन, इतकं मला हलकं वाटलं. आपण भरपाई केली असं मी मनाशी ठरवून टाकलं. अधूनमधून लखी त्याच्याबरोबर वालाच्या शेंगा पाठवायची, सायबांना दे म्हणून. मी त्या घ्यायचो.

पुढच्या पावसाळ्यात सरांनी नवीन माणूस ठेवून फळं तोडली आणि पुन्हा माझ्याकडेच आणली. या वेळी मी शेठना पटवून चौथी खोली चालू करून घेतली आणि बारा अंशांवर लावली. कुणाला कारण सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी फळं बाहेर काढली, तीन दिवसांत लोण्यासारखी मऊ झाली. हॉटेलने सगळी उचलली. सर पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा पाटील, तोडणारा बदलला आणि फळ सुधारलं." माझ्या तोंडात पेढा होता. मी मान हलवली. देवजी पाच पावलांवर रिकाम्या करंड्या एकात एक बसवत होता.

तेवढ्यावर त्याचा दोष पक्का झाला. आता तो नुसता संशय राहिला नव्हता, पुराव्याने सिद्ध झाला होता. आणि तो पुरावा मी बारा अंशांवर तयार केला होता.

देवजीने आमच्याकडे सहा वर्षं काम केलं. आमचे हमाल अंगावर गोणपाट घेऊन आत जायचे, घामेजल्या अंगाने, आणि दिवसातून चाळीस वेळा आत-बाहेर करायचे. शेठना मी जाड कोट मागितले होते. दोन आले. ते मी आणि कॉम्प्रेसरवाला घालायचो. शेवटच्या दोन वर्षांत देवजीला खोकला लागला तो गेला नाही. एका दुपारी तो भिंतीला टेकून उन्हात बसला होता. खोकून झाल्यावर त्याने तोंड पुसलं, तेव्हा मला राहवलं नाही. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो आणि बोलून टाकलं. फळं थंडीने गेली, चूक माझी होती, तू बरोबर तोडली होतीस.

तो उन्हाकडेच बघत म्हणाला, "मला म्हाईत हाय, सायेब."

"कधीपासून?"

"दुसऱ्या साली मीच करंड्या आत नेल्या ना. तुमचा काटा मला वाचता येत नाय, पण अंगाला समजतो. पयल्या साली तुमी फळ थंडीत घातला, दुसऱ्या साली सावलीत घातला. तवाच समजलो."

"मग बोलला का नाहीस?"

"कोनाला बोलू? बाग गेलती. ह्यो काम बी गेला असता."

त्यानेच पुढे सांगितलं. सरांना आता काही सांगू नका म्हणाला. ते निवृत्त होऊन मालवणला गेले होते, बाग दुसऱ्याकडे गेली होती. "पन एक करा. घरी या आनि लखीला सांगा. ती अजून मला बोलते. तुझ्या हातानं घर गेला म्हनते. ती झाडा तिनं लेकरावानी वाढवली व्हती."

मी म्हणालो, "रविवारी येतो."

त्या रविवारी कॉम्प्रेसर दुरुस्तीला उघडला होता. पुढच्या रविवारी मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मग आंब्याचा हंगाम सुरू झाला. कारणं सगळी खरी होती. देवजीने पुन्हा विचारलं नाही, पण शनिवारी संध्याकाळी निघताना तो माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबायचा आणि मग जायचा. मी समोरच्या कागदात डोकं घालून बसायचो. हंगामाच्या मध्यावर तो कामावर यायचा बंद झाला. हमाल म्हणाले, छातीने आजारी आहे. मी फळांची एक करंडी पाठवून दिली. स्वतः गेलो नाही. पावसाच्या तोंडाला तो गेल्याचं कळलं.

बाराव्या दिवशी मी अथालला गेलो. लखी अंगणात भात पाखडत होती. आजूबाजूला तिचा भाऊ आणि दोन-तीन बायका होत्या. तिने मला बघून घाईने खाट टाकायला सांगितलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा बोलणं झालं नसतं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. थंडीचं, नखाचं, दुसऱ्या वर्षीच्या खोलीचं. त्याची चूक नव्हती, मी खोटं बोललो होतो, असं तिच्या भावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो.

तिने सूप खाली ठेवलं. मी म्हणालो, "त्याने तुला सांगायला हवं होतं."

"सांगत व्हता," ती म्हणाली. "दर वेळी सांगत व्हता. मीच त्याला म्हनायची, सायेब खोटं कशाला बोलतील? त्यांनीच तुला कामाला लावला."

मग तिने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली.